प्लॉट घेताय? जरा मातीलाही विचारा!

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसांच्या बाबतीत ती खरी आहे हे होस्टेलवर पहिल्याच वर्षी कळतं. पण ती जमिनीलाही लागू पडते, हे मला थर्ड इयरला आल्यावर समजलं.

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या निबंधात मला कधी दहापैकी सहाच्या वर मार्क मिळाले नाहीत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र नीट वाचा, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज ना उद्या प्लॉटची गोष्ट निघणारच आहे, आणि स्टाफ क्वार्टर्समध्ये तर ती रोजच निघत असेल.

पप्पांचा फोन

गेल्या वर्षी सबमिशनच्या गडबडीत पप्पांचा फोन आला. पप्पा लातूरला सरकारी नोकरीत आहेत, निवृत्तीला दोन वर्षे राहिली आहेत. ताई नांदेडला दिलेली, मामा नांदेडचे, मी विष्णुपुरीला. म्हणून निवृत्तीनंतर नांदेडलाच घर बांधायचं असं ठरलेलं. आपल्या कॉलेजसमोरून जो लातूर रस्ता जातो, त्याच रस्त्याला एक एनए प्लॉट निघाला होता. पाच गुंठे, कडेला विहीर, आणि भाव आजूबाजूच्या प्लॉटपेक्षा चक्क कमी.

"तू सिव्हिलची आहेस ना, जरा बघून ये," पप्पा म्हणाले.

रविवारी मामांसोबत गेले. मध्यस्थ आधीच हजर होते. त्यांनी विहिरीतून बादली काढून आम्हाला पाणी पाजलं. "बगा, पाणी कसं गोड हाय. अमृत हाय अमृत!" पाणी खरंच गोड होतं. मामा खूश. मी उगाच इकडेतिकडे फिरत होते. पावसाळा नुकताच संपला होता, त्यामुळे प्लॉटभर गाजर गवत कमरेएवढं वाढलेलं. फक्त मागच्या कोपऱ्यात साधारण गुंठाभर जागा उघडी होती. तिथं गाजर गवतसुद्धा उगवलं नव्हतं. मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको, गाजर गवत कुठंही उगवतं, रेल्वेच्या खडीतही उगवतं. मग इथंच का नाही? पायाने माती उकरली तर काळ्या कडक प्लॅस्टिकचे तुकडे निघाले.

"पूर्वी इथं गॅरेज होतं," मध्यस्थ म्हणाले आणि विषय बदलला.

परत जाताना रस्त्याच्या पलीकडच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या बाबांना सहज विचारलं. ते म्हणाले, "गॅरेज कशाचं? बॅटऱ्या फोडायचे तिथं. रातच्याला भट्टी लावून शिसं वितळवायचे. लई वर्सं झाली बंद होऊन."

जी गोष्ट आम्हाला कोणत्याही कागदावर दिसणार नव्हती, ती पाच मिनिटांत चहासोबत मिळाली.

सातबारा काय सांगतो आणि काय सांगत नाही

आपल्याकडे जमीन घेताना लोक फार काळजी घेतात, पण ती सगळी मालकीची. सातबारा, आठ-अ, फेरफार, एनएचा आदेश, सूची क्रमांक दोन, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. हे सर्व हवेच. पण सर्च रिपोर्ट जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते सांगतो. त्या जमिनीवर त्या तीस वर्षांत काय केलं गेलं, ते तो सांगत नाही.

त्यासाठी वेगळे कागद चाळावे लागतात. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, पिकांची नोंद असते. एखाद्या सर्व्हे नंबरवर अनेक वर्षे पीकच नसेल तर का नव्हते, हे विचारायला हवे. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीत तिथे शेड किंवा कारखाना लागलेला असू शकतो. जुने वीजबिल मिळाले तर जोडणी घरगुती होती की औद्योगिक, ते दिसते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून त्या जागी कोणी संमतीपत्र घेतले होते का, हे माहितीच्या अधिकारात (कायदा २००५ चा) विचारता येते. अर्थात बिनपरवाना भट्टीचं संमतीपत्र कुठून असणार? तिथे शेजारपाजारच उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांना सहज जमते. गुगल अर्थमध्ये जुन्या सालांची उपग्रह छायाचित्रे बघता येतात. रात्री रूममेटच्या लॅपटॉपवर मी त्या प्लॉटची जुनी चित्रे एकेक करून पाहिली. एका चित्रात मागच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड आणि त्याच्याभोवती काळा डाग स्पष्ट दिसत होता. पुढच्या चित्रात शेड गायब. टपरीवाले बाबा खरं बोलत होते.

आपली काळी माती

थोडं अभ्यासाचं बोलू. आपला भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. विहिरीला पाणी येतं ते या भेगांतून. भेग कुठून कुठे जाते ते वरून कळत नाही. त्यामुळे एका विहिरीचं पाणी चांगलं आणि पन्नास फुटांवरच्या बोअरचं खराब, असं आपल्याकडे होऊ शकतं.

काळी माती स्वतः फार मजेशीर आहे. तिच्यात फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण जास्त. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सॉईल मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण तिला शिव्या देतो, कारण ती पाया हलवते. पण हीच माती शिशासारखे जड धातू आपल्या कणांना धरून ठेवते, सहज खाली जाऊ देत नाही. म्हणजे विहीर वाचू शकते, पण विष वरच्या थरातच राहतं. पेट्रोल-डिझेलचं तसं नाही. ते भेगांतून खाली उतरतं आणि पाण्यापर्यंत पोचू शकतं. म्हणून जागेवर पूर्वी काय होतं हे कळल्याशिवाय काय तपासायचं हेच ठरत नाही.

प्रत्येक वेळी दोष माणसाचाच असतो असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात किनवटकडे खडकातून पाण्यात उतरणाऱ्या फ्लोराइडचा त्रास आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेटसाठी ४५, शिशासाठी फक्त ०.०१ मिलिग्रॅम. यातलं काहीही जिभेला कळत नाही. तेव्हा ‘पाणी गोड आहे’ हे वाक्य तपासणीच्या जागी चालणार नाही.

एका डॉलरची जमीन

हा विषय डोक्यात शिरल्यावर मी लायब्ररीत वाचायला लागले. तेव्हा अमेरिकेतील लव्ह कॅनॉलची हकिकत सापडली. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स या शहरात एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल या कंपनीने १९४२ पासून सुमारे दहा वर्षे त्यात रासायनिक कचरा पुरला. सुमारे वीस हजार टन! मग १९५३ मध्ये ती जमीन तिथल्या शाळा मंडळाला फक्त एक डॉलरला देऊन टाकली. खरेदीखतात लिहिलं होतं की इथे रासायनिक कचरा भरलेला आहे आणि यापुढील जोखीम घेणाऱ्याची. मंडळाने सही केली. तिथं शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरे झाली. घरे घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांना शेजारच्या जमिनीत काय पुरलंय ते कोणी सांगितलं नव्हतं. सत्तरच्या दशकात जोराचा पाऊस आणि बर्फ झाल्यावर रसायने वर आली, तळघरांत शिरली. ऑगस्ट १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर होऊन कुटुंबांना हलवावं लागलं. लुइस गिब्स नावाच्या एका गृहिणीने तिथल्या रहिवाशांची चळवळ उभी केली, आणि १९८० मध्ये अमेरिकेत ‘सुपरफंड’ हा कायदा झाला.

यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते खरेदीखतातलं कलम. माहिती कागदावर होती! पण ती पहिल्या सहीपाशीच थांबली. पुढे राहायला आलेल्या आईबापांपर्यंत ती आलीच नाही.

एवढ्या लांब कशाला, मुंबईचं माहुल बघा. चेंबूरजवळ तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत पुनर्वसनाच्या इमारती बांधल्या. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून लोकांना तिथे पाठवलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच त्या भागातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं होतं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की या लोकांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या. पुढे २०२५ मध्ये महापालिकेने तिथली रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना सुमारे साडेबारा लाखांत विकायला काढली. मुंबईत साडेबारा लाखांत घर! तरी प्रतिसाद थंडच मिळाला. म्हणजे भाव कितीही उतरवला तरी काही प्रश्न भावाने सुटत नाहीत.

कायदा काय म्हणतो

मी काही वकील नाही. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याचे कलम ५५ प्रत्येकाने एकदा वाचावं. त्यात म्हटलंय की मालमत्तेतला एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक धरली जाते. शिवाय घेणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांना विकणाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणेही त्यात आहे. म्हणजे प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे, आगाऊपणा नाही!

पण यात दोन फटी आहेत. एक, हे कलम ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ लागू होतं. त्यामुळे खरेदीखतात ‘मिळकत आहे तशा स्थितीत पाहून, समजून घेतली, पुढे तक्रार नाही’ असं वाक्य घुसवलं असेल तर आपण स्वतःच स्वतःचे हात बांधून घेऊ शकतो. लव्ह कॅनॉलला हेच झालं. दोन, सगळं ‘माहीत असण्या’वर आहे. ज्याने कधी तपासलंच नाही, तो म्हणणार, मला काय माहीत!

आणि नंतर कोर्टात जाऊ म्हणाल तर राजस्थानातील उदयपूरजवळचं बिछडी गाव आठवा. तिथे १९८०च्या दशकाअखेरीस एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या, पाणी वापरायच्या लायकीचं राहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ऐतिहासिक निकाल दिला, ‘जो प्रदूषण करेल तोच खर्च भरेल’. तरी पैसे भरायची टाळाटाळ चालूच राहिली. २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटींहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. कायदा आपल्या बाजूने होता, पण विहिरीला पंधरा वर्षे थांबता येतं, घर बांधणाऱ्याला थांबता येत नाही. म्हणून जे मागायचं ते सहीच्या आधी मागायचं.

बैठक

आता मूळ मुद्द्याकडे येते. मामांच्या घरी बैठक ठरली. पप्पा, मामा, मध्यस्थ, प्लॉटचे मालक आणि कोपऱ्यात मी. मालक साधे शेतकरी गृहस्थ होते. त्यांनी ती जागा भाड्याने दिली होती, भट्टी लावणारा कोणी दुसराच, तो केव्हाच निघून गेलेला. मालकांना मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते. ते वाईट माणूस नव्हते हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण अशा गोष्टीत आपण लगेच समोरच्याला चोर ठरवतो.

पप्पांचा पहिला विचार असा, की कोपरा खराब आहे म्हणून दोन लाख कमी करून घेऊ. त्यांनी तसं म्हटल्याबरोबर मालकांनी एक लाख तिथल्या तिथे सोडले. मामांनी मला डोळ्याने खुणावलं, ‘बघ, जमलं!’ मला मात्र उलट वाटलं. आम्हाला नेमकं काय आहे तेच माहीत नव्हतं. मग दोन लाख बरोबर की वीस हजार की दहा लाख, हे कोण सांगणार? न पाहिलेल्या दुखण्याचा भाव कसा काढायचा?

मी धीर करून म्हटलं, "काका, भाव नंतर बोलू. आधी माती तपासू द्या."

मध्यस्थ हसले. "ताई, शेताची माती काय कोण तपासतं का? आमच्यावर भरोसा न्हाई का?"

मालक मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "रिपोर्ट खराब आला तर माझा प्लॉट पुन्हा कोण घेणार?"

हा एकच प्रश्न त्या बैठकीतला खरा प्रश्न होता. तपासणी आपल्याला फायद्याची, पण त्यांना त्यात फक्त तोटाच दिसत होता. एकदा कळलं की ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. म्हणजे नुसतं ‘तपासू द्या’ म्हणून चालणार नव्हतं, त्यांच्याही हातात काहीतरी द्यायला हवं होतं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग पप्पांनीच मार्ग काढला. ते म्हणाले, "तपासणीचा खर्च आमचा. माती चांगली निघाली तर तुम्ही पहिल्यांदा सांगितला तोच भाव देतो, एक रुपया कमी करणार नाही, आणि महिन्याच्या आत खरेदीखत. खराब निघाली तर इसार परत."

मालकांनी मान हलवली. वकिलाकडून इसार पावतीत या गोष्टी लिहून घेतल्या :

१. जागेत शिरून माती व पाण्याचे नमुने घेण्याची परवानगी, आणि त्यासाठी ४५ दिवसांची मुदत.

२. जागेचा पूर्वीचा वापर मालकांना माहीत आहे तेवढा लेखी. (त्यांनी ‘बॅटरीचे काम’ असं लिहून दिलं. तोंडी ‘गॅरेज’ म्हणणारा माणूस कागदावर वेगळं लिहितो!)

३. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल दोघांनाही बंधनकारक.

४. दोष निघाल्यास इसार पूर्ण परत, किंवा दोघांच्या संमतीने नवा भाव किंवा सफाई.

५. ‘आहे तशा स्थितीत’ हे वाक्य अंतिम खरेदीखतात येणार नाही.

पाच वाक्ये फक्त. पण यातल्या एकाही वाक्यात भाव नाही, हे लक्षात घ्या. आम्ही आधी माहिती मिळवण्याचा सौदा केला.

नमुने

आमच्या एका सरांनी पद्धत समजावून दिली, केमिकलच्या मैत्रिणीने बाटल्या दिल्या. शिकलेले मुद्दे थोडक्यात देते.

पाणी घेताना आधी थोडा वेळ उपसा करावा, साचलेलं पाणी घेऊ नये. धातू तपासायचे असतील तर प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली आणि त्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब, नाहीतर धातू बाटलीच्या काचेला-भिंतीला चिकटून आकडा खोटाच कमी येतो. पेट्रोलसारखं काही शोधायचं असेल तर काचेची बाटली तोंडापर्यंत भरून घट्ट बंद करावी.

माती घेताना सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळीकडची माती एकत्र करून एकच नमुना पाठवणे. शेतीच्या खतासाठी ते ठीक आहे. इथे मात्र चार चांगल्या ठिकाणची माती एका वाईट ठिकाणच्या मातीला झाकून टाकते. वर्गातल्या एका नापास मुलाचे मार्क सरासरीत दिसत नाहीत, तसंच. म्हणून संशयाच्या कोपऱ्यातून वेगळे नमुने, प्रत्येक ठिकाणी वरचे अर्धा फूट आणि त्याखालचे वेगळे. आणि शेजारच्या शेतातला एक नमुना तुलनेसाठी, म्हणजे मूळची माती कशी आहे ते कळतं.

रिपोर्ट

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. पाणी सर्व बाबतीत मानकात बसत होतं. मामा म्हणाले, "बघा, उगाच घाबरवलं पोरीनं." मग मातीचं पान उलटलं. बाकी प्लॉट शेजारच्या शेतासारखाच, पण मागच्या कोपऱ्यात वरच्या थरात शिसं कितीतरी पट. अमेरिकेत घराच्या अंगणातील मातीसाठी शिशाची सावधगिरीची पातळी २०२४ मध्ये ४०० पीपीएमवरून २०० वर आणली आहे. आमचा कोपरा जुन्या पातळीच्याही बराच वर होता. काळ्या मातीने आपलं काम चोख केलं होतं. विहीर वाचवली, विष स्वतःकडे ठेवलं. नुसतं पाणी तपासलं असतं तर आम्ही आनंदाने प्लॉट घेतला असता.

शिशाचा धोका सर्वांत जास्त लहान मुलांना. मुलं मातीत खेळतात, हात तोंडात घालतात. मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. ताईची मुलगी दीड वर्षाची आहे. आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात आजीने मेथी-कोथिंबिरीचे वाफे ठरवून ठेवले होते!

मग मी हिशेब केला. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. अर्धा मीटर माती काढायची म्हटलं तर ५० घनमीटर, म्हणजे सुमारे ७५ टन, दहा टनी ट्रकच्या आठ खेपा. ही माती कुठल्याही नाल्यात टाकता येत नाही. घातक कचऱ्याच्या जागा महाराष्ट्रात मोजक्याच, रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी अशा. आपल्या भागातून प्रत्येक खेप शेकडो किलोमीटर. वर नवा मुरूम-माती भरण्याचा खर्च वेगळा. दुसरा उपाय म्हणजे कोपऱ्यावर काँक्रीट घालून तो कायमचा झाकायचा. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने तो उपाय मान्य आहे, पण मग तिथे कधी खणायचं नाही, आणि घर विकताना पुढच्याला सांगायचं.

मालकांनी आता तीन लाख कमी केले. पप्पा दोन रात्री आकडेमोड करत बसले. त्यांच्या पगारातून साठवलेला पैसा होता, मोह होणारच. शेवटी आजी म्हणाली, "जिथं मातीला हात लावायचा न्हाई, असलं घर कशाला रे बांधतोस?" विषय संपला. इसार दोन हप्त्यांत परत मिळाला, कारण तो कागदावर होता.

रिपोर्ट कोणाचा?

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण महिन्याभराने मामांना कळलं की तोच प्लॉट एक शिक्षक जोडपं बघून गेलं. त्यांनाही विहिरीचं पाणी पाजलं गेलं होतं.

पप्पा म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? आपण सुटलो ना." मी त्यांना दोष देत नाही, मलाही आधी तसंच वाटलं. पण लव्ह कॅनॉलच्या खरेदीखतातली माहिती जशी एका फाइलीत अडकली, तसा आमचा रिपोर्ट आमच्या कपाटात अडकणार होता. त्या जोडप्याचं नाव-गाव आम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा आम्ही रिपोर्टची एक प्रत मालकांनाच पत्रासोबत पोस्टाने, पोचपावतीसह पाठवली. पत्रात एवढंच लिहिलं की ही माहिती तुम्हाला देत आहोत, पुढच्या घेणाऱ्याला ती देणं कायद्याने आवश्यक आहे. आता ‘माहीत नव्हतं’ ही वाट बंद झाली.

मध्यस्थांनी मामांशी बोलणं सोडलं. लग्नात समोर आले तरी रामराम नाही. मालकांचाही एक रागाचा फोन आला. मला खूप वाईट वाटलं, कारण त्यांच्या मुलीचं लग्न मला दिसत होतं. पण त्या जोडप्याचं घरही दिसत होतं.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत. संशयित जागा स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनाने कळवायच्या, प्रदूषण मंडळाने तपासायच्या आणि सफाईचा खर्च जबाबदार असेल त्याच्याकडून घ्यायचा, अशी त्यांची दिशा आहे. चांगलं आहे. पण रस्त्याकडेच्या प्रत्येक बंद भट्टीपर्यंत सरकार पोचेल तेव्हा पोचेल. तोपर्यंत घेणाऱ्याने विचारलं पाहिजे आणि ज्याला कळलं त्याने सांगितलं पाहिजे.

जाता जाता

आपण होस्टेलवर दर पावसाळ्यात एकमेकांना विचारतो, "विष्णुपुरी किती टक्के भरलं?" पाणी किती आहे ते आपण नेहमी विचारतो, पाण्यात काय आहे ते क्वचित. जमिनीचंही तसंच. किती गुंठे, काय भाव, रस्ता किती फुटी. सुट्टीत घरी गेलात आणि प्लॉटचा विषय निघाला, तर एवढंच करा : आधी टपरीवर चहा घ्या, जुनी उपग्रह चित्रे बघा, उघड्या कोपऱ्यात पायाने उकरा, आणि इसार देण्याआधी तपासणीचं वाक्य लिहून घ्या. भाव त्याच्यानंतर.

दिवाळीच्या सुट्टीत पप्पांच्या मोबाईलवर प्लॉटमालकांचा पुन्हा फोन आला. मी घाबरतच घेतला. पण आवाज शांत होता. म्हणाले, "ताई, लग्न झालं पोरीचं, उसनवारी करून. ते शिक्षक लोक म्हणतेत, कोपरा साफ करून द्या, मग घेतो. तेवढा कोपरा किती खोल खणायचा, सांगता का?"

मी वही काढली आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला बसले.